होडी कुठवर उचलायची

सूनबाई घाबरट आहे, ही बातमी होडीघरातून स्वयंपाकघरात आणि तिथून शेजाऱ्यांकडे पोचायला एक दिवस पुरला. बातमी पसरवली होती खुद्द सूनबाईनेच.

त्याचं असं झालं. आप्पांच्या, म्हणजे तिच्या सासऱ्यांच्या, खुब्याचं ऑपरेशन होऊन पाच महिने झाले होते. घरात ते काठीशिवाय फिरत, तीन वर्षांच्या नातीबरोबर लपाछपी खेळत आणि हरले की चिडतही. पण होडीघरातल्या फळ्यांच्या धक्क्यापासून पाणी चांगलं कमरेइतकं खाली होतं. पूर्वी आप्पा शिडीची पहिली पायरी घेत आणि दुसरी विसरून थेट होडीत. ऑपरेशननंतर मात्र एकदाच गेले. एका काखेत मुलाने, दुसऱ्या काखेत शेजाऱ्याने हात घालून त्यांना खाली सोडलं आणि तासाभराने तसंच वर ओढलं. वर आल्यावर सदरा झटकत ते म्हणाले, "धान्याचं पोतंसुद्धा याहून आदराने उतरवतात."

त्या दिवसापासून त्यांनी होडीघराचं नाव टाकलं. मग एकदा जेवताना जाहीर केलं, "होडी विकायची. तळ्याच्या पलीकडच्या काठावरचा सुतार येतोय रविवारी बघायला."

वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हातांनी तासून बांधलेली होडी! नवरा म्हणाला, "त्यांची वस्तू, त्यांची मर्जी." पण आप्पांनी खिडकीतली खुर्ची फिरवून तळ्याकडे पाठ केली होती, ते सुनेने पाहिलं होतं. रविवारला अकरा दिवस होते.

"तुमच्यासाठी लिफ्ट बसवू या" म्हणणं म्हणजे पोत्याला आणखी एक गाठ मारणं. म्हणून ती म्हणाली, "आप्पा, ही होडी गेली तरी पुढेमागे दुसरी येईलच. पोरीला कडेवर घेऊन त्या शिडीवरून उतरायची मला भीती वाटते हो. होडीच वर उचलून घेणारी लिफ्ट बसवू या का?"

"भीती? छातीभर पाण्याची?"

"मला बादलीतल्या पाण्याचीही वाटते."

आप्पा खो खो हसले. "बसवा बापडे! आम्हाला उभ्या जन्मात कुणी लिफ्ट दिली नाही, होडीची मात्र चैन आहे."

लिफ्ट बसवणारा फिटर आला तो चित्रांची वही घेऊनच. नवऱ्याला पहिल्याच पानावरची आवडली. वरच्या तुळयांना मोटर, खाली दोन रुंद पट्टे, पट्ट्यांत होडी. बटण दाबलं की छताला टेकेल.

"तुळया दणकट आहेत," फिटर वर बघत म्हणाला. "दोन तासांत लावून देतो."

"होडी वर असताना तिच्या काठावर बसलं तर?" सुनेने विचारलं.

"काठावर कोण बसणार, वहिनी?"

"मी."

"मग तो पाळणाच झाला की! डुलणार."

"मग नको. न डुलणारी दाखवा."

फिटरने सुस्कारा सोडून पानं उलटली. पाण्यात चार पाय रोवून उभी राहणारी एक होती, खाटेसारखी. होडीचा तळ गादीच्या पट्ट्यांवर टेकतो आणि दोन्ही बाजूंनी आधार असतात. "ही पहाडासारखी उभी राहील. पण दोन दिवस लागतील. होडीचं वजन?"

"अडीचशे किलो," सून म्हणाली. "वर तीन माणसं धरा."

"माणसं धरून उचलायची?"

"माणसं वरच बसणार, मग होडी खाली जाणार."

एवढ्यात घरातून आप्पांचा आवाज आला. "टांगून ठेवू नका रे! लाकडी होडी कोरडी पडली की फळ्या आखडतात. मग पाण्यात सोडा, चाळणी झालेली असेल!"

"म्हणजे होडी पाण्यातच राहणार," फिटर बोटांवर मोजत म्हणाला, "चढण्यापुरती वर येणार, माणसं घेऊन खाली जाणार. आणि वर यायची ती कुठवर?"

"होडीचा काठ धक्क्याच्या वर दीड फूट."

"दीडच का?"

"त्याहून जास्त झालं की मला गरगरतं."

फिटरने नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की त्याला पुढचे दोन दिवस बायकोची बाजू घ्यावी लागली. दीड फुटाचं खरं कारण जेवणाच्या टेबलापाशी होतं. आप्पा तिथल्या ज्या खुर्चीवरून कुणाचा हात न धरता उठत, ती तिने ते अंघोळीला गेलेले असताना शिवणाच्या टेपने मोजली होती. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी आप्पांकडून घोकूनच घेतलं होतं, कशातही चढताना आधी बसायचं, मग एकेक पाय आत.

शुक्रवारी काम सुरू झालं. नवरा आणि फिटर छातीभर पाण्यात. तीन पाय चटकन टेकले. चौथा गाळात गेला, आणि जातच राहिला. वर पाणसळ ठेवली की तिच्यातला बुडबुडा एका टोकाला पळायचा.

"उपसा, वर घ्या! नाही, खाली! अहो, तुमच्या बाजूने!" असा तासभर आरडाओरडा झाल्यावर दारात सावली पडली. त्या पोत्याच्या दिवसानंतर आप्पा पहिल्यांदाच होडीघरात आले होते.

"त्या कोपऱ्यात ओढा येऊन मिळतो," ते म्हणाले, "सगळा गाळ तिथेच. कितीही दाबलंस तरी पाताळाला जाईल. पायाखाली परातीएवढा पत्रा घाल."

फिटरने पत्रा घातला. पाय थांबला. आप्पांनी पाणसळ स्वतःकडे घेतली आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत ती कुणाच्या हाती दिली नाही.

रविवारी सुतार वेळेआधीच आला. फिटर शेवटचे बोल्ट आवळत होता. बटण दाबलं, मोटर गुरगुरली, आणि होडी पाणी निथळत वर येऊन थांबली. सुताराने तिच्या पोटावर टकटक केली, मान डोलावली. "माल चांगला आहे, आप्पा."

सून एक पाऊल पुढे आली आणि थांबली. आता काही बोलावं तर सगळंच उघडं पडेल.

"थांबा जरा," आप्पा म्हणाले. "आधी आमच्या सूनबाईची भीती घालवू दे. बघ गं, असं चढायचं." ते होडीकडे पाठ करून उभे राहिले. पोटऱ्यांना काठ लागला तसे हळूच टेकले. होडी हलली नाही. क्षणभर बसून ते पुन्हा उठले.

"दोन बोटं खाली घे रे," ते फिटरला म्हणाले. "सूनबाईला उंच पडतंय."

सूनबाई त्यांच्यापेक्षा वीतभर उंच होती. फिटरने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा आप्पांकडे, आणि बटण दाबलं.

आप्पा पुन्हा बसले. एक पाय आत, मग दुसरा. सरकून वल्ह्यांच्या फळीवर गेले आणि तिच्याकडे हात पुढे केला. "ये. घाबरू नकोस, मी आहे."

तिने हात धरला. काठावर टेकून तिने एकेक पाय आत घेतला. मागोमाग नवऱ्याने पोरीला आत सोडलं.

"अहो, पण होडीचं काय ठरलं?" सुतार धक्क्यावरून म्हणाला.

"नाही जमायचं, बाबा," आप्पा वल्ही अडकवत म्हणाले. "घरात इतकं घाबरट माणूस. हिची भीती मोडायला चार-पाच वर्षं तरी लागतील."

"दाब की बटण, काका!" पोर ओरडली, आणि होडी खाली जाऊ लागली.