श्राद्धाच्या भाजीतला लसूण

चिनात्सू आमच्या घरात आली तेव्हा मी मनाशी म्हटलं होतं, नव्याचे नऊ दिवस. दोन वर्षं झाली, दहावा दिवस काही उजाडला नाही.

ती माझ्या धाकट्या दिराची, संगहोची बायको. नारा शहराकडची जपानी मुलगी. तिच्या माहेरी वर्षाला लसणाचा एक गड्डा तरी संपत असेल का, शंकाच आहे. आणि मी? माझे आजी-आजोबा कोरियातल्या जेजू बेटावरून बोटीनं जपानात ओसाकाला आले, मी तिथल्या इकुनो वस्तीच्या गल्लीत किमचीच्या, मिरची-लसणात मुरवलेल्या कोबीच्या, रांजणाला धरून उभी राहायला शिकले, आणि थोरली सून म्हणून या घरची चूल एकतीस वर्षं माझ्या हातात आहे. तरी दर रविवारी सगळे जेवायला जमले की कौतुक कुणाच्या किमचीचं? तर चिनात्सूच्या.

फोनवर बघून बघून शिकली म्हणे. डबा उघडला की लालभडक रंग आणि असा वास की शेजारचे खिडकी लावून घेतील. टेबलावर विजेचा तवा तापलेला, त्यावर डुकराच्या मांसाचे काप चरचरतायत, तिळाची पानं धुऊन रचून ठेवलेली. हे सगळं मी केलेलं. पण संगहोनं तिची किमची तव्यावर टाकली की सगळ्यांच्या माना तिकडे वळतात. माझे यजमान योंगहो तर म्हणाले, "इनसुक, हिच्यापुढे तुझी किमची नळाखाली धुतल्यासारखी लागते बघ."

"मग उद्यापासून नळाखालीच जेवायला बसा," मी म्हटलं. सगळे हसले. मीही हसले, पण मिरच्या झोंबायच्या त्या झोंबल्याच.

यजमानांचं सोडा, त्यांना काय, पुढ्यात येईल ते गोड. मला लागलं ते सासूबाईंचं. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त वाटी पुढे करून दुसऱ्यांदा भात मागितला. माझ्या हातच्या जेवणावर त्यांनी आजवर "बरं झालंय" याच्यापुढे काही म्हटलेलं नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही.

आणि त्याच रविवारी, भात संपवून त्या म्हणाल्या, "यंदा ह्यांच्या श्राद्धाच्या भाज्या चिनात्सू करेल."

पालक, सोयाबीनचे मोड आणि नेच्याचे कोंब. तीनच भाज्या, पण पितरांपुढे मांडायच्या. मी नवी नवरी होते तेव्हा सासूबाईंनी मला श्राद्धाला पाच वर्षं नुसते मोड निवडायला बसवलं होतं, सहाव्या वर्षी कढईला हात लावू दिला. हिला दोन वर्षांत सगळं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आज भाज्या गेल्या, उद्या मासा जाईल, परवा वडे जातील, आणि माझ्याच घरात मी पाहुण्यांना पाणी देणारी बाई होऊन बसेन, हेच मला दिसत होतं.

श्राद्धाच्या दिवशी दुपारी आम्ही दोघी ओट्याशी उभ्या होतो. मी मासा भाजत होते, ती कोंब तिळाच्या तेलात परतत होती. कोंब बेताचे मऊ झाले होते, तेही मला खुपलं. मग तिनं विचारलं, "ताई, यात लसूण घालायचा ना?"

श्राद्धाच्या स्वयंपाकात लसूण नसतो, मिरची नसते. त्या वासानं पितर दारातूनच परततात, हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. मी मासा उलटला.

"घाल की. नेहमी घालतेस तसा," मी म्हटलं.

तिनं भरपूर घातला. मला थांबवता आलं असतं. दुपारभर आलं असतं. ती भाज्या ताटात काढत होती तेव्हाही, संगहो ती ताटं उचलून नेत होता तेव्हाही. माझी जीभ हलली नाही, आणि खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती.

सहा वाजता काका आले. सासऱ्यांचे धाकटे भाऊ, चपलांचा कारखाना चालवतात, आणि श्राद्धाच्या रीतीभातीत त्यांच्यापुढे कुणाचं चालत नाही. सासऱ्यांच्या फोटोपुढे फळं, मासा, वडे, स्पंज केक, सगळं ज्याच्या त्याच्या जागी लागलं होतं. काकांना सर्दी होती म्हणून बरं, लसणाचा वास आला नाही. उदबत्ती लागली, पुरुषांनी दारू वाहिली, नमस्कार केले. मग ताटं खाली काढून आम्ही सगळे जेवायला बसलो.

काकांनी कोंबांचा एक घास घेतला आणि जेवायच्या काड्या खाली ठेवल्या.

"लसूण आहे यात. दादा आला असेल तर उंबऱ्यावरूनच परत गेला असेल. वर्षातून एकदा येतो माणूस, त्यालाही हाकललंत. कुणी केल्या भाज्या?"

चिनात्सूचा चेहरा पांढरा पडला. मी भात चिवडत राहिले. आता बोलेल, आता रडेल, म्हणून वाट बघत राहिले.

"लसूण मी घातला," सासूबाई म्हणाल्या. "सवयीनं हात गेला. पंच्याऐंशीची झाले, भावजी, आता चुकणारच."

"वहिनी, तुम्ही?" काका म्हणाले. पुढे काही बोलायची सोय राहिली नाही. ते मुकाट्यानं माशाकडे वळले.

एका वर्षी माझ्याकडून श्राद्धाच्या माशाची कातडी फाटली होती, तेव्हा ह्याच बाईंनी चौदा माणसांत "थोरलीनं केलंय" म्हणून सांगितलं होतं. आणि ह्या कालच्या पोरीसाठी खोटं बोलल्या, तेही नवऱ्याच्या फोटोसमोर. मी उठले, स्वयंपाकघरात गेले आणि ताटल्या आपटायला लागले.

सासूबाई मागोमाग आल्या. "हळू. फुटतील."

"फुटू देत. तिच्यावर बरं पांघरूण घातलंत, आई. माझ्यावर कधी घातलं नाहीत."

"तुझ्यावरच घातलं," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं.

"मी शेजारच्या खोलीत पितळी वाट्या पुसत होते. तिनं काय विचारलं ते ऐकलं, तू काय सांगितलंस तेही ऐकलं."

"मग थांबवलं का नाहीत?"

"तुझं तू सांगशील म्हणून वाट बघितली. ताटं मांडून होईपर्यंत बघितली." त्यांनी माझ्या हातातली ताटली काढून घेतली. "काकांनी तिला विचारलं असतं तर तिनं तुझं नाव घेतलं असतं. ती नवी आहे, तिला सगळं माफ. तुला कुणी माफ केलं नसतं, थोरली."

एवढं बोलून त्या ताटली पुसत उभ्या राहिल्या. मला वाटलं, त्यांनी ओरडावं. चौदा माणसांत ओरडल्या असत्या तरी चाललं असतं.

तेवढ्यात चिनात्सू भाज्यांचं ताट घेऊन आत आली. काकांनी टाकल्यावर कुणीच त्याला हात लावला नव्हता. सासूबाई बाहेर गेल्या.

"ताई, माझं चुकलं ना?" चिनात्सूनं विचारलं.

"श्राद्धाला लसूण घालायचा नसतो," मी म्हटलं. हे सांगताना माझा आवाज माझ्याच कानाला परका वाटला. "मला माहीत होतं."

"मलाही माहीत होतं," ती म्हणाली. "महिनाभर वाचत होते मी. सगळीकडे लिहिलंय, घालू नये म्हणून. पण तुम्ही घाल म्हणालात. म्हटलं, या घरची रीत ताईंना ठाऊक, फोनला काय कळतंय."

तिनं ताट ओट्यावर ठेवलं आणि भाजी डब्यात भरू की टाकून देऊ, तेही मलाच विचारलं.