जिभेखालची दहा मिनिटं

सुखाचे दिवस कुठले असं विचारलं की माणसं लग्न सांगतात, पहिली नोकरी सांगतात, बालपण तर सगळेच सांगतात. इस्त्रीवालीला विचारलंत तर ती आधी आजूबाजूला बघते आणि मग हळूच म्हणते, "दवाखान्यातला बाक." आता बोला! त्या बाकावर कुणी हौसेनं जात नसतं. पण आठवण काय आपली परवानगी काढून येते? लेक आज चोवीस वर्षांची झाली, कमावती झाली, आईलाच चार गोष्टी सुनावते. तरी सकाळी आठाच्या सुमाराला कुठून फिनेलचा वास आला, की हिचा जीव अजून त्या बाकाकडे धाव घेतो.

तेव्हा ती एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. दिवसाला तीनशे चादरी, आणि घडी अशी की चार कोपरे एकमेकांना सोडत नसत. एकदा ओल्या चादरींचं गाठोडं उचलताना पाठीत कळ आली ती आलीच. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. दुखणं गेलं आणि गोळी मात्र मुक्कामाला राहिली. एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या सहा, आणि मग चिठ्ठीशिवाय कुठे मिळतात तेही कळलं. नवरा त्याआधीच आपली वाट धरून मोकळा झाला होता. घरात राहिली ती पाच वर्षांची लेक, ठकी. एका संध्याकाळी इस्त्रीवालीची थोरली बहीण आली, तिनं पोरीचे कपडे पिशवीत भरले आणि म्हणाली, "तू बरी हो, मग बोलू." तिनं आरडाओरडा केला असता तर इस्त्रीवालीला बरं वाटलं असतं.

म्हणून मग दवाखान्यात गोळ्या सोडवायचे उपचार. रोज सकाळी नर्स एक गोळी जिभेखाली ठेवायला द्यायची. त्या गोळीनं आतली ओढ दिवसभर काबूत राहायची. पण ती विरघळायला दहा मिनिटं लागत, आणि तोवर बोलायचं नाही, गिळायचं नाही. पोटात गेली की कामातून गेली. इस्त्रीवाली एकदा कुणाला "या, बसा" म्हणायला गेली आणि गोळी गिळून बसली. दिवसभर जांभया, नाकाला धार, अंगावर काटा, पाय एका जागी ठरेनात. तेव्हापासून ती दहा मिनिटं तोंडाला कुलूप घालून बसायची.

खरा घोर वेगळाच होता. सहा महिन्यांनी मुलांच्या खात्यातल्या अधिकारी बाई येऊन ठकीला विचारणार होत्या, कुठे राहायचंय तुला? आणि ठकी तर आईशी अवाक्षर बोलत नव्हती.

दुपारी चारला भेट असायची, दवाखान्याच्या खेळायच्या खोलीत; थोरली ठकीला घेऊन यायची. ठकी समोर बसली रे बसली, की आईच्या तोंडाचा पट्टा सुरू. चुकलं गं माझं, आता कधी नाही, तुला बाहुली घेईन, सायकल घेईन, बोल ना गं राणी! ठकी चटईचा सुटलेला धागा ओढत राहायची. कोपऱ्यातल्या बुटक्या स्टुलावर एक जाडजूड बाई बसून हे सगळं बघायच्या. इथल्या आयांना मुलांशी कसं वागावं ते शिकवायचं, हे त्यांचं काम. सगळ्या त्यांना मास्तरीणबाई म्हणत. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा धीर सुटला.

"अहो बाई, तोंड आहे की उघडा राहिलेला नळ? पोरीला आत शिरायला फट तरी ठेवा!"

"गप्प बसले तर तिला वाटेल, आई रागावली."

"आणि तुम्ही सारखी माफी मागता तेव्हा तिला काय वाटतं? की आता हिची समजूत काढायला हवी. पाच वर्षांची आहे हो ती."

इस्त्रीवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला गप्प बसणं जमतच नाही."

"जमतं की. रोज सकाळी दहा मिनिटं जमतं."

आणि त्या खरंच नर्सशी भांडल्या, वरच्या साहेबांशी भांडल्या, आणि मुलांची वेळ सकाळी आठची करून आणली. काय दृश्य होतं ते! बाकावर पाच आया ओठ मिटून, शिक्षा झाल्यासारख्या. खाली चटईवर पोरं आणि ठोकळे. त्या आयांतली एक एरवी शहरात बस चालवायची. ती भुवया अशा नाचवायची की पोरं खिदळायची, आयांचे खांदे हलायचे आणि नर्स ओरडायची, "हसू नका, गिळाल!" इस्त्रीवाली आजही ते सांगताना हसते आणि मध्येच डोळे पुसते.

पहिला आठवडा ठकी थोरलीला चिकटून बसली. मग वीतभर सरकली. मग एक दिवस समोर येऊन तिनं हलणारा दात जिभेनं हलवून दाखवला. आईनं नुसते डोळे मोठे केले. दुसऱ्या दिवशी मोठ्या आईच्या मांजरीची गोष्ट झाली. मावशीला ती मोठी आई म्हणायची. मध्येच न बोलणारं मोठं माणूस पोरीला पहिल्यांदाच भेटलं होतं, त्याचा तिनं पुरेपूर फायदा घेतला.

असे महिने गेले आणि अधिकारी बाई यायला चार दिवस उरले. ठकी ठोकळ्यावर ठोकळा ठेवत, वर न बघता म्हणाली, "एकदा तू उठतच नव्हतीस. मी तुझे डोळे बोटांनी उघडले. ते परत मिटले. मग मी खुर्ची लावून डबा काढला. त्यात नुसती साखर होती. मी खाल्ली. तुला पण भरवली. तू खाल्ली नाहीस. मग मोठी आई आली."

मला ताप होता गं त्या दिवशी, हे वाक्य इस्त्रीवालीच्या ओठांवर तयार होतं. थोरलीला तिनं तेच सांगितलं होतं, नर्सलाही तेच. इतक्यांदा सांगितलं होतं की तिचं तिलाच खरं वाटायला लागलं होतं. पण गोळी अर्धीच विरली होती. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी गोळीची पर्वा कुणाला होती? आता आपण बोललो तर ही कायमची गप्प होईल, एवढंच तिला कळलं. तिनं बाकाची कड घट्ट धरली. उरलेली चार मिनिटं तिच्या आयुष्यातली सगळ्यात लांब.

नर्सनं जीभ वर करायला लावली, बघितलं, मान हलवली. तोंड मोकळं झालं. बाहुली, सायकल, माफी, ताप, सगळी गर्दी करून आली. नेहमी सूचना देणाऱ्या मास्तरीणबाईही मख्ख बसून राहिल्या.

"हो," इस्त्रीवाली म्हणाली. "मी गोळ्या खाऊन पडले होते. म्हणून मला उठता आलं नाही."

ठकीनं पहिल्यांदा सरळ तिच्या तोंडाकडे बघितलं.

"तुला ताप नव्हता?"

"नव्हता."

"मला माहीत होतं," ठकी म्हणाली. "मी हात लावून बघितलं होतं."

थोरली खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. इस्त्रीवाली नुसती रडली, आणि ठकीनं रडू दिलं.

चार दिवसांनी अधिकारी बाई आल्या. फाईल उघडून, गोड आवाजात त्यांनी ठकीला विचारलं, कुठे राहायचंय बाळ तुला?

"आईकडे," ठकी म्हणाली. "माझं तिला अजून सगळं सांगून झालं नाहीये."