सुलक्षणाचे अकरा किलो

मित्रांनो, मला सीट आहे, हँडल आहे, दोन पॅडल आहेत. पण जन्मापासून आजपर्यंत मी वीतभरही पुढे गेलेली नाही. मी एक जुनी व्यायामाची सायकल आहे. माझ्यावर बसून माणसे घाम गाळतात आणि जिथे असतात तिथेच राहतात. माझी गोष्ट ऐकून तुम्हाला राग येईल. येऊ द्या. मलाही येतो.

साकीनाक्याच्या एका गाळ्यात भीमराज नावाच्या वेल्डरने माझा सांगाडा जोडला. खिडक्यांच्या जाळ्यांना लावून उरलेला लाल रंग त्याने मला फासला. तिथून मी पवईला एका उंच इमारतीत गेले. त्या घरातल्यांनी मला अकरा दिवस चालवले आणि बाराव्या दिवशी माझ्या हँडलवर ओले टॉवेल टाकले. पुढची सहा वर्षे मी टॉवेलच वाहिले. माझी चेन गंजली, सीटला भेग पडली, आणि शेवटी त्यांनी मला विकायला काढले.

मला घेतले ते बोरीवलीच्या सुलक्षणाने. तिसरा मजला, लिफ्ट नाही. तिचा नवरा हर्षद एका कंपनीत लिफ्ट दुरुस्तीचे काम करी. त्याने मला खांद्यावर घालून वर आणले, माझी चेन रॉकेलने धुतली, तेल घातले आणि मला बाहेरच्या खोलीत खिडकीशी ठेवले. तिथून मला सारे घर दिसे, स्वयंपाकघराचे दारसुद्धा.

सुलक्षणा शेहेचाळीस वर्षांची, शाळेच्या कार्यालयात कारकून. आतापर्यंत वजनाची चिंता तिने कधी केली नव्हती. पण तिच्या धाकट्या भावाच्या, मार्तंडच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. तो मुलुंडला राहायचा आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायचा. त्याच्या बायकोला, सपनाला, मधुमेह होता, आई थकलेली. किडनी जुळली ती फक्त सुलक्षणाची. मात्र डॉक्टरांनी तिला काट्यावर उभे केले आणि मान हलवली. तिचे वजन भरले शहाऐंशी. "पंच्याहत्तरपर्यंत या. एवढ्या वजनावर आम्ही तुम्हाला टेबलावर घेणार नाही," असे ते म्हणाले.

अकरा किलो. तेवढे उतरवायचे, मग भावाला किडनी द्यायची. त्यासाठी मी या घरात आले होते.

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे साडेपाचला माझ्यावर बसू लागली. चाळीस मिनिटे सकाळी, तीस संध्याकाळी शाळेतून आल्यावर. भात बंद झाला. तिचे माहेर मालवणकडचे. तिथल्या माणसाला भात बंद म्हणजे काय, ते तुम्ही तिथल्याच कोणाला तरी विचारा. नाचणीची अर्धी भाकरी, मूग, काकडी, आणि खोबऱ्याचे वाटप न घालता शिजवलेला बांगडा. तो खाताना ती ताटाकडे न बघता भिंतीकडे बघायची.

पहिल्या महिन्यात तीन किलो उतरले. मित्रांनो, काय कौतुक झाले! दसऱ्याला सपना स्वतः मुलुंडहून आली. तिने माझ्या हँडलला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावले आणि सुलक्षणाचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, "ताई, तुम्ही माझ्यासाठी देवच आहात."

देवपण दीड महिना टिकले.

कारण नंतर काटा हलेना. दुसऱ्या महिन्यात पाऊण किलो. तिसऱ्यात अर्धा. मग एका आठवड्यात अर्धा वाढलाच. सुलक्षणाने चोरून काही खाल्ले नव्हते. तेच जेवण, तीच चाळीस मिनिटे. मला ठाऊक होते, कारण तिचा घाम माझ्या सीटच्या भेगेतून खाली ठिबकत होता. पण माझी साक्ष कोण काढणार? माझ्या हँडलवर एक छोटा पडदा आहे. त्यावर मिनिटे दिसतात. ती उतरली की तो विझतो आणि सगळे विसरतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य.

सपना आता दर रविवारी येऊ लागली, आणि येताना पिशवीतून स्वतःचा वजनकाटा आणू लागली. सुलक्षणाच्या काट्यावर तिचा विश्वास उरला नव्हता. चप्पल काढायच्या आधी ती तो काटा लादीवर ठेवी.

"चढा ताई."

सुलक्षणा चढायची. सपना वाकून आकडा बघायची आणि ओठ मुडपायची. "आमच्या शेजारची बाई दोन महिन्यांत दहा किलो उतरली. नुसतं चालून."

मार्चमधल्या एका रविवारी तर हद्द झाली. सहा महिन्यांत पाच किलोही पुरते उतरले नव्हते, आणि त्या दिवशी काट्याने मागच्या रविवारपेक्षा तीनशे ग्रॅम जास्त दाखवले. सपना उठली, स्वयंपाकघरात गेली आणि फ्रीज उघडला. एक डबा हातात घेऊन बाहेर आली. आत चार करंज्या होत्या.

"हे काय आहे?"

"निधीच्या आहेत. मैत्रिणीच्या आईने दिल्यात." निधी म्हणजे सुलक्षणाची मुलगी, दहावीला होती.

"निधीच्या! दर वेळी निधीच्याच असतात नाही?"

"मी हात पण लावलेला नाही, सपना."

"मग वजन काय हवेने वाढलं? तुम्हाला द्यायचीच नाहीये ताई. तसं तोंडावर सांगा ना. आम्ही दुसरीकडे बघू. असं झुलवत कशाला ठेवता?"

हर्षद पेपर टाकून उभा राहिला. "वहिनी, तोंड सांभाळून बोला. माझ्या घरात उभ्या आहात तुम्ही."

सपनाने सासूला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन माझ्या सीटवर ठेवला. सुलक्षणाची आई रुक्मिणी मुलाकडेच राहायची. तिचा आवाज माझ्या अंगावरून खोलीभर गेला.

"सुलू, काय गो ह्यां? झील माझो आठवड्यातनं तीनदा सुयो टोचून घेता. तुका तोंड बांधूक जमणा नाय?"

"आई, मी काही खात नाही गं."

"मगे वजन कशाक उतरणा नाय?"

सुलक्षणाने फोन उचलला आणि बंद केला. तिने करंज्यांचा डबा सपनाच्या हातातून घेतला, परत फ्रीजमध्ये ठेवला आणि दार जोरात लावले. मला वाटले, आता ती ओरडेल. पण ती एवढेच म्हणाली, "जा तू. पुढच्या रविवारी ये."

दार लागल्यावर हर्षद चिडून म्हणाला, "पुढच्या रविवारी? परत घरात घेणार आहेस तिला?"

"भाऊ माझा आहे."

"आणि तू? तू कोणी नाहीस?"

ती माझ्यावर चढली. भरदुपारी, साडीतच.

पुढचे चार दिवस ती ताक आणि काकडीवर राहिली. घरच्यांना म्हणाली, शाळेत जेवते. गुरुवारी सकाळी हर्षद कामावर गेला होता, निधी क्लासला. सुलक्षणाने पॅडल जड करणारी माझी घुंडी पिळून शेवटपर्यंत घट्ट केली. तेवढी घट्ट ती कधीच कोणी केली नव्हती. पॅडल मारताना ती दातांवर दात दाबून काहीतरी पुटपुटत होती. आधी वाटले देवाचे नाव घेतेय. मग ऐकू आले: "खोटारडी म्हणते मला. मला!"

पस्तिसाव्या मिनिटाला तिचे हात हँडलवरून सुटले. ती डावीकडे कोसळली आणि माझ्या पॅडलची लोखंडी कड तिच्या नडगीत घुसली. मित्रांनो, घुंडी कितीही घट्ट असो, जड चाक एकदम थांबत नाही. ती लादीवर पडलेली असताना माझे चाक फिरतच होते आणि पॅडल तिच्या पायाला आपटत होते. मला ते थांबवता आले नाही. माझ्या सगळ्या आयुष्यात मला स्वतःची अशी किळस कधी आली नव्हती.

शेजारच्या रेवतीने आवाज ऐकून दार वाजवले. सुलक्षणाने सरपटत जाऊन कडी काढली. नडगीला सात टाके पडले.

डॉक्टरांनी तिला चांगलेच फैलावर घेतले. ते हर्षदने घरी आल्यावर निधीला सांगितले, म्हणून मला कळले. उपाशी राहून स्वतःच्या किडनीची वाट लावलीत तर भावाला काय देणार, असे त्यांनी विचारले. तपासण्या केल्या. थायरॉइड मंदावलेले निघाले, वयही पाळी जाण्याचे. गोळी सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, तुमचे वजन असेच उतरणार, महिन्याला किलो, कधी तेवढेही नाही. यात तुमची चूक नाही. कोणी विचारले तर माझ्याकडे पाठवा.

हर्षदने त्या रात्री पाना आणून माझे डावे पॅडल काढले आणि कपाटावर टाकले. "भंगारात घालतो हिला," तो म्हणाला. मला ते मान्य होते. पण तीन आठवड्यांनी सुलक्षणाने स्टुलावर चढून पॅडल काढले आणि स्वतःच ते मला परत बसवले. तिला पाना नीट धरता येत नव्हता. ती मला एक शिवी देऊन चढली.

त्याच आठवड्यात सपना आली. रविवार नव्हता. सकाळचे सहा वाजले होते आणि तिने फोन केला नव्हता. ती पकडायला आली होती, हे तिच्या चेहऱ्यावरच लिहिले होते. हर्षदने दूधवाला समजून दार उघडले.

सुलक्षणा माझ्यावर होती. गाऊन पाठीला चिकटलेला, नडगीवर जखमेचा लाल वण, चेहरा भाजलेल्या वांग्यासारखा. तिने सपनाला पाहिले आणि पॅडल मारणे थांबवले नाही. सपना दारात उभी राहिली. पाच मिनिटे गेली, दहा गेली, वीस गेली.

"रोज एवढं करता?" शेवटी सपनाने विचारले.

"रोज."

"मग उतरत का नाही?"

आता मात्र सुलक्षणा थांबली. "थायरॉइड आहे, वय आहे, हळूच उतरणार म्हणतात डॉक्टर. माझ्या हातात असतं तर उतरवलं नसतं का गं? मला काय हौस आहे तुझ्या पुढे दर रविवारी गुरासारखं तोलून घ्यायची?"

सपना रडायला लागली, पण ते रडणे मऊ नव्हते. "त्यांच्या मांड्यांच्या काठ्या झाल्यात ताई. त्यांचं वजन न मागता उतरतंय. आणि तुमचं मागून मागून उतरत नाही. तुमच्याकडे बघितलं की मला राग येतो. तुम्ही चुकीच्या नाही आहात, कळतं मला. तरी येतो."

"येऊ दे. पण माझ्या घरी घेऊन येऊ नकोस."

सपनाने माफी मागितली नाही. सुलक्षणाने चहा विचारला नाही. त्यानंतर सपना वजनकाटा घेऊन कधी आली नाही. खरे तर शस्त्रक्रियेपर्यंत ती आलीच नाही. सुलक्षणाचे वजन डॉक्टरांनी सांगितल्यासारखेच उतरले. एका महिन्यात किलो, एका महिन्यात सहाशे ग्रॅम, एका महिन्यात काहीच नाही. रोज पहिले पॅडल मारताना तिचे पाय नाही म्हणत, ते मला जाणवायचे, आणि रोज दुसरे पॅडल बसायचे. चौदाव्या महिन्यात, दिवाळीनंतर, काट्यावर पंच्याहत्तर आले. कोणी माळ आणली नाही. हर्षदने फक्त दवाखान्यात फोन लावला.

शस्त्रक्रिया झाली. दोघेही वाचले. सुलक्षणा घरी आली तेव्हा तिला तीन मजले चढायला अर्धा तास लागला. तीन महिने माझ्यावर बसायची मनाई होती.

फेब्रुवारीत त्यांनी घरी सत्यनारायण घातला. मुलुंडची सगळी माणसे आली. मार्तंडला मी प्रथमच पाहिले. गालांवर तुकतुकी होती, आवाज खणखणीत होता. सपना आतबाहेर करत होती. सुलक्षणाशी ती कामापुरते बोलत होती.

प्रसाद वाटला जात असताना कोणी भाऊ नावाचे काका माझ्या सीटवर आडवे बसले आणि मोठ्याने म्हणाले, "सुलू, एक अख्खी किडनी काढून दिलीस, तरी काटा काही हलला नाही गं तुझा! उलट जरा भरलीसच!"

सगळे हसले. मार्तंडही हसला.

सुलक्षणाच्या हातात शिऱ्याचे ताट होते. तिने ते खाली ठेवले.

"भाऊकाका हसू देत. सगळे हसू देत," ती मार्तंडकडे बघून म्हणाली. "तू नाही हसायचंस."

"अगं तायडे, गंमत केली त्यांनी."

"माझ्या अंगातलं तुझ्या पोटात आहे. चौदा महिने या लोखंडावर बसून मी ते तुझ्यापर्यंत आणलंय. खोटारडी, चोर, सगळं ऐकून घेतलं. तू हसू नकोस."

भाऊकाका माझ्यावरून उतरले. आई म्हणाली, "आजच्या दिवसाक कशाक गो?" सुलक्षणा स्वयंपाकघरात गेली आणि पाठमोरी उभी राहिली. थोड्या वेळाने मार्तंड उठला आणि दाराच्या चौकटीशी जाऊन थांबला.

"ताई, चुकलो."

तिने मागे वळून पाहिले नाही. "तुझ्या गोळ्यांची वेळ झाली," ती म्हणाली. "जेवून घे."

मित्रांनो, आता सुलक्षणा आठवड्यातून चार दिवस माझ्यावर बसते, वीस मिनिटे. वजन सत्त्याहत्तर आहे. मुलुंडहून फोन येतात, थोडे आखडलेले. सगळे गोड झाले असे मी सांगणार नाही, कारण मी ते पाहिलेले नाही.

आपली आत्मकथा सांगणाऱ्या माझ्यासारख्या वस्तू शेवटी सहसा स्वतःसाठी काही मागून गप्प बसतात. मलाही महिन्यातून एकदा चेनला तेल हवे असते. लोखंडाचे तेवढ्यावर भागते, माणसाचे भागत नाही. तुमच्या घरात कोणी रोज उठून कष्ट करत असेल आणि त्याचे फळ तुम्हाला दिसत नसेल, तर "मग उतरत का नाही" असे तिला विचारू नका. तो प्रश्न ती स्वतःला रोज, पहिल्या पॅडललाच विचारते. तिच्यासाठी गरम भाकरी टाका, तिच्या शेजारी बसून तुम्हीही जेवा, आणि दुसऱ्या कशाबद्दल तरी बोला.