केरबा हे नाव

लीलाबाईंची पहिली दोन बाळं महिन्याच्या आत गेली. दुसऱ्याला पुरून माणसं परतली त्या दिवशी थोरली जाऊ मालती बायकांत बसून बोलली, "हिच्या कुशीत केरच निपजतोय." आतल्या खोलीत लीलाबाईंनी ते ऐकलं.

तिसरा मुलगा तगला. बारशाला 'राजवर्धन' ठरलं होतं. नणंद नव्हती, म्हणून नाव ठेवायचा मान मालतीचा. ती पाळण्यावर वाकली तशा लीलाबाई म्हणाल्या, "आक्का, नाव केरबा."

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. सासरे आबाजी मात्र खूश. "बरुबर हाय. पोरं जगत न्हाईत त्या घरात बाळाला केरावर ठिवून उचलायचं आन् केरबा म्हणायचं. केराला काळबी हात लावत न्हाय. जुनं नाव हाय."

मालतीला मात्र खरं काय ते कळलं होतं. तिचा चेहरा उतरला. तिनं बाळाच्या कानात 'कुर्रर्र' केलं आणि तो शब्द स्वतःच्या तोंडानं उच्चारला. लीलाबाई तिच्याकडं टक लावून बघत होत्या.

भवानीनगरात दोघींची घरं शेजारी, अंगण एकच. मालती धुणं वाळत घालायला आली की लीलाबाई हाक मारायच्या, "केरबाऽऽ!" पोरगं पायाशी खेळत असलं तरी मारायच्या. अशी सत्तावीस वर्षं गेली.

केरबा बारामती एमआयडीसीत दुधाच्या कंपनीत लागला. तिथं पोरं म्हणायची, "केर आला, झाडू आणा रं." आसावरीशी लग्न ठरल्यावर त्यानं नाव बदलायचं मनावर घेतलं. गॅझेटचा अर्ज भरता भरता त्यानं सहज विचारलं, "आई, मला खरंच केरावर ठिवलं हुतं का गं?"

"कशाला ठिवीन?" लीलाबाईंनी सगळं सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज चढला. "तिचा शब्द तिच्याच तोंडात कोंबला मी. मरंपतोर चघळू दे."

केरबानं पेन खाली ठेवलं.

"तिच्या तोंडात कुठं? शाळंत, कंपनीत, मीच चघळला."

तो उठला, अंगण ओलांडून मालतीच्या दारात उभा राहिला आणि आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "मोठ्या आई, माझं नवं नाव तुमी ठिवा."

मालती घाबरली. "आरं, तुझ्या आईला इचार की."

"तिनं ठिवलंय एकदा."

मालतीला रडू फुटलं. "माझी जीभ झडली आसती तवा तर बरं झालं आसतं," ती म्हणाली. मग डोळे पुसून तिनं नाव सांगितलं, चिंतामण.

"त्या नावानं साखरपुडा हुणार आसंल तर मी यायची न्हाय," लीलाबाईंनी सांगून टाकलं.

"नको येऊस."

पण त्या साखरपुड्याला गेल्या. बारामतीत पाटावर बसल्यावर गुरुजींनी विचारलं, "मुलाचं नाव?" मुलानं स्वतः सांगितलं नाही. तो आईकडं बघत राहिला. लीलाबाईंना जुनं नाव पाहुण्यांसमोर घेता येईना, नवं तोंडातून निघेना. सगळी बैठक त्यांच्याकडं बघू लागली. शेवटी मागून मालतीच हळू आवाजात म्हणाली, "चिंतामण."

आसावरी पाया पडायला आली तेव्हा लीलाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. जेवायला मात्र त्या उठल्या नाहीत.