ठेंगणीची उडी

क्लबच्या महिला फुटबॉल संघात तिला सगळ्या ठेंगणी म्हणायच्या. ती बचावात खेळायची, अगदी गोलच्या तोंडाशी. तिच्या मांड्या अशा भरदार, की शिवणकाम करणारी थोरली बहीण तिच्या पँटी उसवता उसवता करवादायची, "अगं, तुला कापड मीटरने नाही, ताग्याने लागतं!" ठेंगणीला त्याचं काही वाटत नसे. खांद्यांवर वजनाचा दांडा घेऊन बैठका मारताना तिची बरोबरी संघात कुणालाच जमत नव्हती.

नवे प्रशिक्षक आले आणि त्यांनी व्यायामशाळेच्या भिंतीवर लाल रेघ मारली. बोटांना खडू लावून जागेवरून उडी मारायची. ठसा रेघेच्या वर उमटला नाही, तर बचावात जागा नाही.

ठेंगणीचा ठसा खालीच राहिला. तिने पुन्हा उडी मारली. पुन्हा खालीच.

"ताकद भरपूर आहे, पण ती सावकाश येते," प्रशिक्षक म्हणाले. "उडीला झटका लागतो. त्यात उंची ही अशी. तू मधल्या फळीत खेळ."

"नाही, सर."

"नाही म्हणजे?"

"मी मागेच खेळणार. भिंतीवर कॉर्नर किक येत नाहीत. संध्याकाळच्या सरावात शिडीला माझ्यावर सोडा, मग बोला."

शिडी म्हणजे संघातली सगळ्यात उंच पोरगी, गोल मारण्यात पटाईत. प्रशिक्षक हसले. "होऊन जाऊ दे."

पहिल्याच कॉर्नरला शिडी ठेंगणीच्या डोक्यावरून उठली आणि बॉल जाळीत.

"बघितलंस?" प्रशिक्षक बाहेरून ओरडले.

ठेंगणीची कानशिलं तापली. पुढच्या कॉर्नरला ती बॉलची वाट बघत थांबली नाही. बॉल जिथे पडणार तिथे आधीच जाऊन पाय रोवून उभी राहिली. शिडीने मागून रेटलं, पण ती तसूभर हलली नाही. उडायला शिडीला जागाच उरली नाही आणि ठेंगणीने डोक्याने बॉल बाहेर काढला.

नंतरच्या झटापटीत शिडीचं कोपर तिच्या भुवईवर बसलं. रक्त गालावर आलं.

"बाहेर ये!" प्रशिक्षक म्हणाले.

"पट्टी इथेच बांधा."

शेवटपर्यंत शिडीला दुसरा गोल मिळाला नाही. ती धापा टाकत प्रशिक्षकांकडे गेली. "सर, सामन्यात ही आपल्याच बाजूने मागे असू दे. हिच्याशी झुंजून माझ्या बरगड्या दुखायला लागल्यात."

प्रशिक्षक ठेंगणीकडे वळले. "उडी मात्र तुझी कमीच आहे."

"आहेच. झटका मी कमावीन. उद्यापासून घ्या माझ्याकडून उड्या, हव्या तेवढ्या. पण तोवर जागा सोडणार नाही."

"भलतीच हट्टी आहेस," ते म्हणाले. पण रविवारी सामन्याआधी संघ वाचून दाखवताना बचावात तिचं नाव घेतलं.

समोरच्या संघाची आघाडीची खेळाडू धिप्पाड होती. पहिल्या कॉर्नरला तिने ठेंगणीला वरून खाली न्याहाळलं आणि मैत्रिणीला हाक मारली, "ए, ही एवढीशी मला अडवणार!"

मध्यंतरापर्यंत तीच धिप्पाड खेळाडू या ‘एवढीशी’पासून लांब, गोलच्या पार दुसऱ्या खांबाजवळ जाऊन उभी राहू लागली. ठेंगणी तिच्या मागोमाग तिथेही गेली.