चौकट नाही?

“हे पान कोठून आलं, काका?”

उत्तमराव खुर्चीवरून अर्धे उठले होते. टेबलाच्या मध्यभागी चौकटीची दश्शी पडली होती, आणि ती खुशालरावांनी नुकतीच स्वतःच्या हाताने टाकली होती.

“कोठून म्हंजे? माह्या हातातून.”

“मंग मंगाशी म्या चौकटीचा राजा उतरवला, तवा काहून नाही दिली? तवा इस्पिक मारली तुमी. हुकूम करून घेतला इस्पिकचा!”

“तवा नव्हती.”

“तवा नव्हती अन् आता पैदा झाली? सर, या इकडं. रंग दाबला यायनं!”

शेवटचे शब्द हॉलच्या टोकापर्यंत गेले. आजूबाजूच्या टेबलांवर पानं पिसणारे हात थांबले. चहाची किटली घेऊन फिरणारा माणूसही होता तिथे उभा राहिला.

अकोल्याच्या त्या मंगल कार्यालयात दर जानेवारीत वऱ्हाडभरच्या मेंढीकोटच्या जोड्या जमतात. दर्यापूरहून, तिवशाहून, अंजनगावहून लोक येतात. हा खेळ सोपा आहे. समोरासमोर बसलेले दोघे जोडीदार असतात. आलेल्या रंगाचं पान हातात असेल तर तेच द्यावं लागतं. नसेल तर दुसरं टाकायचं, आणि डावात पहिल्यांदा असं पान ज्या रंगाचं पडेल तो रंग त्या डावाचा हुकूम. सगळी मदार एका गृहीतावर असते: ‘नाही’ म्हणणाऱ्याकडे ते पान खरोखरच नाही. हातात रंग असून तो लपवणं, म्हणजे रंग दाबणं, हा इथला एकमेव अक्षम्य गुन्हा. गुन्हेगार पानं पालथी ठेवतो, चपला घालतो आणि सर्वांसमोरून एकटा बाहेर जातो. तो दाराबाहेर पडेपर्यंत त्याच्या जोडीदाराने जागेवरून उठायचं नाही. दंड एवढाच, पण ज्यांना तो झाला त्यांच्यापैकी कोणी परत आल्याचं मला आठवत नाही.

मी या स्पर्धेचा पंच. अमरावतीच्या एका महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवलं. मला पत्ते कळतात, पण आवडत नाहीत, आणि पंच म्हणून माझी हीच पात्रता ठरली. माणसांच्या शपथांवर माझा विश्वास नाही. तरीही, या हॉलमध्ये रंग न दाबणारा एक माणूस सांगा असं कोणी विचारलं असतं, तर मी खुशालरावांचं नाव घेतलं असतं.

अमरावतीच्या बाजारात त्यांचं फुलांचं दुकान आहे. शेजारी अब्दुल रहीम यांचं गाद्या-रजयांचं. दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की रहीमभाईंच्या न विकलेल्या गादीवर दोघे पानं मांडत, आणि तिथेच ही जोडी तयार झाली. कडक दंडाचा हा नियमही खुशालरावांनीच आग्रहाने करून घेतला होता. त्याचा पहिला प्रयोग त्यांच्या सख्ख्या मेव्हण्यावर, बुधाजीवर झाला. बुधाजी त्या दिवशी हॉलमधून गेला तो बहिणीच्या घरीही पुन्हा आला नाही. खुशालरावांनी त्याबद्दल कधी हळहळ दाखवली नाही, फुशारकीही मारली नाही.

नियमात एक सवलत आहे. जोडीदाराने रंग दिला नाही, तर समोरचा एकदा विचारू शकतो, “नाही?” अनवधानाने चूक झाली असेल तर तिथेच सुधारता येते. बहुतेक जोड्या सवयीने विचारतात. रहीमभाई विचारत नसत. सुरुवातीच्या काळात त्यांनी एकदा विचारलं होतं, तेव्हा खुशालरावांनी पानं खाली ठेवली होती. “मले इचारू नको, रहीम. इचारलं म्हंजे शक घेतला.” त्यानंतर तो प्रश्न त्या जोडीतून गेला.

आजही तो विचारला गेला नव्हता. राजावर इस्पिकची छक्की पडली, तेव्हा रहीमभाईंनी मान वर केली. तोंड किंचित उघडलं, आणि मिटलं. ते मी पाहिलं होतं.

“सर, निकाल द्या,” उत्तमराव हात उंचावून म्हणाले. फायनलचा डाव होता, आणि त्यांचा भाचा कुंदन पहिल्यांदाच फायनल खेळत होता. तो खुशालरावांच्या डाव्या हाताला बसला होता.

“काका तं सकाळपासूनच गुर्मीत आहेत,” कुंदन पुटपुटला. “म्या नमस्कार केला, पाहिलंबी नाही. इथं बसलो तं मान वळवून नाही राहिले. माह्यासंगं खेळाची लाज वाटते का जी?”

खुशालराव उत्तमरावांकडे बघत राहिले. कुंदनचं बोलणं कानावर आल्याची कोणतीही खूण त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती.

इथे मला पहिल्यांदा काहीतरी खटकलं. रंग दाबणारा माणूस दाबलेलं पान शेवटपर्यंत लपवतो. खुशालरावांनी ते स्वतःहून पुढे टाकलं होतं. तेही दश्शी, म्हणजे मेंढी, ज्यावर सगळ्यांची नजर असते. चोरी म्हणून हे वर्तन निरर्थक होतं. आणि निरर्थक वर्तनाला कारण असतं.

माझी नजर व्यासपीठाकडे गेली. विजेत्यांच्या ढालीला घालायचा हार दरवर्षी खुशालराव स्वतः गुंफून आणतात. या वर्षीच्या हाराची एक बाजू झेंडू-शेवंतीने गच्च भरलेली होती, दुसऱ्या बाजूला जवळजवळ नुसता दोरा. सकाळी त्यावर विनोद झाले होते. “काका, फुलं महागली का?” या प्रश्नावर खुशालराव मनापासून गोंधळले होते, हार त्यांच्या मते पूर्ण होता. मग जेवणाच्या वेळी ते वाढप्यावर ओरडले, झुणका वाढला नाही म्हणून. झुणका ताटात होता. ताटाच्या डाव्या बाजूला.

“खुशालराव,” मी म्हणालो, “हातातली पानं धरा तशीच, आणि मोठ्याने वाचून दाखवा.”

“पानं उघडी करू? डाव चालू आहे नं, सर.”

“डाव थांबला आहे. वाचा.”

त्यांनी पंखा नीट केला. हातात सात पानं होती. ती त्यांच्या खांद्यामागून मला स्पष्ट दिसत होती.

“किलवरची राणी. किलवरची पंजी. बदामचा गुलाम. बदामची तिर्री.” ते थांबले. “बस.”

“बस?”

“एवढीच आहेत. तुमी पाहून राहिले नं.”

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मी त्यांच्या हातातून पानं घेतली, तोच पंखा उलट क्रमाने लावला आणि परत दिला.

“आता वाचा.”

“किलवरची राणी. इस्पिकची नव्वी. चौकटीची अठ्ठी. चौकटीची दुर्री.” खुशालरावांचा आवाज चौथ्या पानावर खाली आला. “हे कोठून आले?”

मधली राणी दोन्ही वेळा आली होती. बाकीच्यांपैकी जी डावीकडे जातील, ती नाहीशी होत होती. दश्शीही आधी डावीकडेच असणार; पानं कमी होत गेली तशी ती मध्ये सरकली, आणि तेव्हा कुठे त्यांना दिसली. त्यांचे डोळे शाबूत होते. त्या डोळ्यांनी पाहिलेलं डावीकडचं जग मेंदूने हिशेबातून काढून टाकलं होतं: डावीकडची पानं, डावीकडचा झुणका, हाराची डावी बाजू, डावीकडे बसलेला कुंदन. मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला की असं होतं. हे मी वर्गात अनेकदा शिकवलं होतं, फळ्यावर आकृती काढून. समोर बसलेल्या माणसात पाहिलं नव्हतं.

“यांना आत्ता दवाखान्यात न्यायला पाहिजे,” मी म्हणालो. “मेंदूचा झटका आहे. बहुतेक सकाळीच येऊन गेला.”

उत्तमरावांचा मघाचा वर उचललेला हात तसाच होता. तो खाली घ्यायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

“कोणाले झटका?” खुशालरावांनी विचारलं.

“तुम्हाला.”

“मले काई झालं नाही. चालतो, बोलतो, खेळून राहिलो.” हे ते हट्टाने म्हणत नव्हते. या आजारात माणसाकडून जे हरवतं, त्याबरोबर ते हरवल्याची जाणीवही जाते. “ते दवाखान्याचं मंग पाहू. पयले निकाल सांगा.”

“भाऊ, उठा,” रहीमभाई म्हणाले. “खुदा के वास्ते उठा. निकाल गेला भाडमध्ये.”

“तू बस, रहीम.”

“सर, आमी तक्रार वापस घेतो!” उत्तमराव एकदम ओरडले. “ढाल त्यायलेच द्या. मले काय मालूम होतं… काका, माफ करा जी, पण उठा.”

“तक्रार वापस घेणारे तुमी कोण?” खुशालराव म्हणाले. “रंग दाबला गेला का नाही गेला, तेवढं सर सांगतीन. बुधाजीले जो कायदा, तो मले. त्याले म्या इचारलं होतं का, तुही तब्येत बरी आहे का म्हून?”

एकेक मिनिट महत्त्वाचं होतं आणि ते खुर्चीवरून हलणार नव्हते. दोघांनी उचलून न्यावं असं एकजण म्हणाला. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पाठ ताठ केली होती. सबंध आयुष्यात या माणसाकडे मिरवण्याजोगी एकच गोष्ट होती, आणि आम्ही दया म्हणून ती काढून घ्यायला निघालो होतो. दोष नाही असं मी म्हटलं असतं, तर ते वैद्यकीयदृष्ट्या बरोबर ठरलं असतं. पण आमच्या नियमात हेतूचा उल्लेख नाही. रंग होता की नव्हता, एवढंच त्यात विचारलेलं आहे.

“रंग हातात असताना दुसरा रंग पडला,” मी म्हणालो. “जोडी बाद.”

“हं.” खुशालरावांनी मान हलवली. निकाल योग्य लागल्यावर ते नेहमी अशीच हलवत.

त्यांनी सातही पानं टेबलावर पालथी ठेवली. पायाने चपला चाचपल्या. उजव्या पायात चप्पल गेली. डावी तिथेच, टेबलाखाली राहिली, आणि ते चालू लागले. एक पाय चपलेत, एक अनवाणी, दोन्ही बाजूंनी उभ्या राहिलेल्या माणसांमधून. डावा खांदा एका खुर्चीवर आदळला. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. ज्यांनी असं बाहेर जाणाऱ्यांची एरवी टिंगल केली होती, ते खाली बघत होते.

जोडीदाराने उठायचं नसतं. रहीमभाई क्षणभर बसून राहिले. मग वाकले, ती डावी चप्पल उचलली आणि ती हातात घेऊन मागोमाग निघाले. त्यांना कोणी अडवलं नाही. उत्तमरावांनी धावत जाऊन गाडी दाराशी आणली.

*

चार-पाच दिवसांनी मी आणि रहीमभाई अमरावतीहून अकोल्याला बसने निघालो. तपासणीत रक्ताची गाठ मिळाली होती, मेंदूच्या उजव्या बाजूला. गाठ विरघळवण्याच्या औषधाची वेळ आम्ही दवाखान्यात पोहोचण्याआधीच टळून गेली होती. रस्ताभर रहीमभाई खिडकीबाहेर पाहत होते. मूर्तिजापूर गेल्यावर ते म्हणाले, “सर, म्या इचाराले पायजे होतं.”

“विचारलं असतं तरी ते ‘नाही’च म्हणाले असते. त्यांना ते पान दिसतच नव्हतं.”

“ते तुमचं सायन्स झालं,” रहीमभाई म्हणाले. “पण म्या इचारलं नाही, हे तं खरं नं?”



दवाखान्याच्या खोलीत खुशालरावांच्या पत्नी सत्यभामाबाई पलंगाच्या पायथ्याशी बसल्या होत्या. नवऱ्याला त्यांनी दाढी करू दिली होती. गालाचा उजवा भाग गुळगुळीत, डावीकडे पांढरे खुंट तसेच. त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. दारातून आत शिरल्यावर पहिलं स्टूल पलंगाच्या डावीकडे होतं. रहीमभाई त्यावर बसले आणि सलाम केला. खुशालराव छताकडे बघत होते.

“आवाज आल्यासारखा वाटला,” ते बायकोला म्हणाले. “रहीम नाही आला का वं? येतो म्हणला होता.”

सत्यभामाबाईंनी तोंडाला पदर लावला. रहीमभाई पलंगापासून हातभर अंतरावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उजवीकडे बोट केलं.

ते उठले. आवाज होऊ नये म्हणून स्टूल उचलून घेतलं, पलंगाला वळसा घातला आणि उजव्या बाजूला येऊन बसले.

“आला का!” खुशालरावांचा चेहरा उजळला. “एवढा उशीर काहून?”

“बस नाही भेटली लवकर, भाऊ.”

“मले वाटलं, बाद झालो म्हून तू रुसला.”

“रुसतो काय.” रहीमभाईंनी खिशातून पत्त्यांचा जोड काढला. “खेळता?”

दोघांत मेंढीकोट होत नाही. तरीही त्यांनी चौघांची पानं वाटली. खुशालरावांचा पंखा त्यांना उजव्या हातात धरून दिला, आणि चौकटीची राणी चादरीवर उतरवली. खुशालरावांनी आपल्या पानांवर नजर फिरवली. मग पंखा छातीला टेकवून, बोटांनी एक किलवर काढून राणीवर टाकलं.

रहीमभाई त्या पानाकडे पाहत राहिले. घसा खाकरला.

“चौकट नाही, भाऊ?”

सत्यभामाबाईंनी मान वर केली. खुशालराव रहीमभाईंकडे रोखून पाहत होते. ती नजर मला ओळखीची होती. त्या नजरेपुढे बाजारातले व्यापारी भाव कमी करत. रहीमभाईंनी नजर वळवली नाही.

मग खुशालरावांनी छातीवरचा पंखा उचलून समोर धरला आणि मान डावीकडे वळवायला सुरुवात केली. जिथे त्यांच्या लेखी काहीच नव्हतं त्या दिशेने, हळूहळू, हनुवटी खांद्याला लागेपर्यंत. कपाळावर घाम आला. पंख्याच्या टोकाशी नजर पोहोचली, आणि तिथे थांबली.

त्यांनी किलवर परत घेतलं.

“आहे,” ते म्हणाले.