दोघांची गाडी

गाडी विकली त्या दिवशी मिस्त्रीला अगदी हलकं वाटलं होतं. ही गोष्ट त्यानं पुढे कधीच कोणाला सांगितली नाही, बायकोलासुद्धा नाही.

मिस्त्री लेथवरचा कारागीर. चाळीस वर्षं त्यानं लोखंडाला आकार दिला आणि केसाएवढा फरक त्याच्या अंगठ्याला कळायचा. धाकटा भाऊ गाड्यांच्या वायरिंगचं आणि इंजिनाचं काम करायचा. ती गाडी धाकट्यानंच शोधली होती, एका भंगारवाल्याच्या आवारात. दोन दारांची, फुगीर नाकाची, हिरवी. चाकं नव्हती आणि मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालून बसली होती. धाकटा म्हणाला, "दादा, घेऊ या. कोंबडी परत देऊ."

त्या गाडीचे सुटे भाग बाजारातून कधीच नाहीसे झाले होते. जे मिळेना ते मिस्त्री घरामागच्या शेडमध्ये स्वतःच्या छोट्या लेथवर करायचा आणि झालेल्या तुकड्यावर एक बारीक ठिपका ठोकायचा. ती त्याची सही. इंजिन, तारा, दिवे धाकट्याकडे. असे अकरा वर्षांचे रविवार गेले. मिस्त्रीची बायको चहा घेऊन यायची तेव्हा गाडीखालून चार पाय तेवढे दिसायचे. ती म्हणायची, "तुमच्या दोघांची तोंडं मी विसरले. पाय मात्र कुठेही ओळखीन."

मग जुन्या गाड्यांचं प्रदर्शन झालं. नेमका त्याच दिवशी कारखान्यात तातडीचं काम निघालं म्हणून मिस्त्रीला जाता आलं नाही. धाकटा एकटा गाडी घेऊन गेला आणि पहिलं बक्षीस घेऊन आला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. गाडीला टेकून धाकटा उभा, आणि खाली छापलेलं: अकरा वर्षं एकट्यानं राबून गाडी जिवंत केली.

एकट्यानं! मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धाकटा बक्षिसाची ढाल घेऊन आला तर तो एवढंच म्हणाला, "ठेव तुझ्याकडेच." धाकट्याला काही उमगलं नाही. त्याला कामासाठी आठ दिवस परगावी जायचं होतं, तो गेला.

गाडीचे कागद मिस्त्रीच्या नावावर होते. चौथ्या दिवशी त्यानं दलालाला बोलावलं आणि चहा निवायच्या आत सौदा उरकला.

धाकटा परत आला तो थेट शेडमध्ये. रिकाम्या फरशीवर तेलाचा डाग तेवढा होता.

"दादा, गाडी कुठंय?"

"विकली. एकट्यानं केलीस ना? आता दुसरी कर एकट्यानं."

"कोण म्हणालं एकट्यानं?"

"पेपरात आलंय."

"म्हणजे तू पेपरावर विश्वास ठेवलास. मला विचारलं नाहीस."

"मग सांग ना आता!"

"आता कशाला?" धाकटा म्हणाला. भिंतीवरची आपली हत्यारं त्यानं एकेक करून पिशवीत भरली, वहिनीला "येतो" म्हणाला आणि गेला. तो काही पुन्हा आला नाही.

पस्तावा काही लगेच आला नाही. आधी शेड उगाच मोठी वाटायला लागली. मग रस्त्यात हिरवं काही दिसलं की मिस्त्रीची मान आपोआप वळायला लागली. वर्षभरानं तो दलालाकडे गेला, तर गाडी पुढे आणखी दोघांना विकली गेलेली. दलालानं खांदे उडवले. बायको म्हणायची, "गाडी मरू दे, भावाला तरी फोन करा." त्यावर मिस्त्री म्हणायचा, "पाय त्यालाही आहेत." असं करत करत नऊ वर्षं गेली. दोघं राहत होते एकाच शहरात.

दहाव्या वर्षी मिस्त्रीची दाढ दुखायला लागली. बायकोनं कुणाकडून तरी ऐकलेल्या एका दवाखान्यात त्याला पाठवलं. दाढ काढली, कापसाचा बोळा दाबला आणि डॉक्टर म्हणाला, "तासभर तोंड उघडायचं नाही. एक शब्द बोलायचा नाही."

मागच्या दारानं बाहेर पडतो तर पत्र्याच्या छपराखाली गाडी उभी.

दोन दारांची, फुगीर नाकाची, हिरवी. चाकांचा रंग वेगळा होता, पण बाकी तीच. मिस्त्री हलेना तसा डॉक्टर हात पुसत बाहेर आला.

"आवडली? सगळे इथेच थबकतात." पन्नाशीचा, बोलका माणूस, आणि समोरचा उलट बोलू शकत नाही म्हटल्यावर जास्तच खुलला. "माझ्याकडे आली तेव्हा नीट सुरूसुद्धा होत नव्हती. एक दिवस सिग्नलला एक माणूस मागे लागला, थेट दवाखान्यापर्यंत आला. म्हणाला, ही गाडी मी आणि माझ्या भावानं केलीय, हिचं इंजिन असं वाजत नाही. तेव्हापासून महिन्यातून एक रविवार येतोच. सहा वर्षं झाली. कामाचे पैसे घेत नाही."

मिस्त्रीनं छपराचा खांब धरला.

डॉक्टरनं गाडीतली फाइल काढली. "हे बघा, याला बक्षीस मिळालं होतं. त्या प्रदर्शनाच्या अर्जाची नक्कल, यानंच आणून ठेवलीय."

अर्ज धाकट्याच्या अक्षरात होता. गाडी कोणी बनवली, या रकान्यात दोन नावं होती. वरचं मिस्त्रीचं. त्यापुढे लिहिलं होतं, 'सर्व लोखंडी काम'. खाली धाकट्याचं.

"पेपरवाल्यांनी घोटाळा केला म्हणे," डॉक्टर म्हणाला. "तरी यानं त्यांना दोनदा सांगितलं होतं. जाऊ द्या. तो थोरला भाऊ मोठा कारागीर होता. वारला बिचारा."

मिस्त्रीनं मान वर केली.

"हो, बरीच वर्षं झाली. मी एकदा म्हटलं, आणा की त्यांनाही, तर म्हणाला, दादा वारला. पुन्हा मी विषय काढला नाही."

तोंडात बोळा, जीभ बधिर. औषधाच्या चिठ्ठीवर बाहेरच्या मुलीनं त्याचं नाव लिहिलं होतं, पण दात बघणारा माणूस नाव कशाला वाचतोय.

डॉक्टरनं गाडीचं दार उघडलं तसं ते खाली झुकलं. "एवढंच एक राहिलंय. बिजागरीची पिन झिजलीय. तो म्हणतो, असली पिन करणारा आता कोणी नाही."

मिस्त्रीनं खिशातून पेन काढलं आणि औषधाच्या चिठ्ठीमागे लिहिलं, 'मी लेथकाम करतो. करून देतो.' डॉक्टर खूश झाला. मिस्त्री वाकला, बिजागरीत अंगठा घालून त्यानं झीज पाहिली. जुनं माप त्याला पाठ होतं. नऊ वर्षांत भोकही रुंदावलेलं, म्हणून केसभर जास्त धरायचं, हेही त्यानं तिथंच ठरवलं.

घरी आल्यावर त्यानं बायकोला दवाखान्यातलं सगळं सांगितलं. ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आता तरी करा हो फोन."

"मेलेल्या माणसानं फोन करायचा? घाबरेल तो."

त्याला वाटलं होतं ती हसेल. ती हसली नाही.

एका पिनसाठी मिस्त्रीनं पाच दिवस घालवले. तीन टाकून दिल्या. चौथी मनासारखी झाली, आणि तिच्या डोक्यावर ठिपका ठोकण्याआधी तो हातात हातोडी घेऊन किती वेळ बसला होता, ते त्याचं त्यालाच माहीत. शेवटी ठोकला. नऊ वर्षांचं जे काही बोलायचं होतं ते त्या ठिपक्यात आलं, असं त्याला वाटलं. धाकटा पिन हातात घेईल, उलटीपालटी करेल, आणि त्याला कळेल. कळल्यावर येईल, नाहीतर निदान शिव्या द्यायला तरी फोन करेल.

पिन त्यानं डॉक्टरकडे दिली. धाकट्याच्या फेरीचा रविवार आला. मिस्त्री सकाळपासून फोन जवळ घेऊन बसला. जेवायला उठला तेव्हा फोन बायकोच्या हातात देऊन गेला. संध्याकाळ झाली, फोन वाजला नाही.

सोमवारी वाजला. डॉक्टर होता. "मिस्त्री, माफ करा, पण ती पिन बसली नाही. तो दुरुस्तीवाला म्हणाला, माप चुकलंय."

"चुकलंय?"

"हो ना. मला तर बरी वाटत होती. पण त्यानं हातात घेतली, बराच वेळ बघितली, मग म्हणाला, तुम्ही आत जा, मी बघतो. नंतर म्हणाला, नाही बसत, ज्याची त्याला परत द्या."

मिस्त्री तसाच उठून दवाखान्यात गेला. पिन कागदात गुंडाळलेली होती. बाहेर येऊन त्यानं ती उजेडात धरली. टोकापासून डोक्यापर्यंत ताजं ग्रीस होतं. डोक्याखाली, जिथं बिजागरीचं लोखंड टेकतं, तिथं बारीक चकचकीत कडं उमटलं होतं. पिन पूर्ण आत गेली होती. दार नक्की एकदा तरी अलगद लागलं असणार. मग ती ठोकून बाहेर काढली होती.

डॉक्टर घरी जेवायला निघाला होता. गाडीत बसून त्यानं दार दोन्ही हातांनी वर उचललं, आदळलं, नाही लागलं, पुन्हा उचलून आदळलं. मिस्त्रीला हात करून तो गेला. इंजिनाचा आवाज एकसारखा, गोड येत होता. मिस्त्रीच्या वेळी त्यात एक बारीकशी खरखर होती, ती दोघांना कधी सापडली नव्हती. ती आता नव्हती.

घरी बायको दारातच उभी होती. "काय झालं? काय म्हणाला तो?"

मिस्त्रीनं चपला काढल्या, नीट भिंतीला लावल्या.

"माप चुकलं माझं," तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडे बघितलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, पण हे वाक्य तिनं त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. ती पाणी आणायला आत गेली.